नाताळाची मुराळी

आत्याबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीच्या वर्गावर होते. "शैला, आई गेली," एवढंच माझे यजमान, संजय, म्हणाले. दुपारी वरण-भाकरी खाल्ली, जरा पडते म्हणाल्या आणि पडल्या त्या उठल्याच नाहीत. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले आणि पहिला फोन लातूरला केला, माझ्या नणंदेला, वर्षाला. ती म्हणाली, "वहिनी, आता मला न्यायला तुम्हाला कोण धाडणार?" दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, आई गेल्यावर लेकीनं विचारायचा हा काय प्रश्न? पण मी तिथंच व्हरांड्यात खांबाला धरून रडायला लागले. तो प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. आता काही आठवडे उलटलेत, नाताळ नुकताच होऊन गेलाय, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. माझ्या आत्याबाई चाकूरच्या पुढच्या एका खेड्यातल्या, उंचपुऱ्या, शेतात उभं राहून बांधापलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय असलेल्या. नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आल्या तरी आवाज तोच. आमच्या घरी आज कशाची भाजी आहे हे अख्ख्या गल्लीला कळायचं. त्यांना माझी भाकरी जाड वाटायची आणि मला त्यांचा आवाज. सुरुवातीची कितीतरी वर्षं आमचं बोलणं "जेवलात का" आणि "जेवले"च्या पुढं फारसं गेलं नाही. भांडण म्हणाल तर तेही नाही. भांडायला तरी जवळीक लागते.

मग एका डिसेंबरात मी स्कूटीवरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. आत्याबाई गावाकडून ज्वारीचं पीठ आणि पोतंभर तुरीच्या शेंगा घेऊन हजर. दुपारी मी दिवाणावर पाय लांब करून, त्या खाली वाकळ टाकून शेंगा सोलत बसलेल्या, आणि समोर टीव्ही. एका वाहिनीवर त्या महिन्यात रोज दुपारी नाताळाचे प्रेमपट लागायचे. थिएटरचं तोंड कधी न पाहिलेले, टीव्हीसाठीच केलेले, इंग्रजीतून हिंदीत आणलेले, आणि सगळे एकाच साच्यातून काढलेले. शहरात मोठ्या नोकरीवर असलेली पोरगी नाताळाला आपल्या छोट्या गावी येते, तिथं चौकड्याचा शर्ट घालून लाकडं फोडणारा एक भला मुलगा असतो, दोघं आधी भांडतात, मग गैरसमज, मग दिव्यांच्या माळांखाली मिठी आणि वरून बर्फ. मी आपली डोकं बाजूला काढून ठेवून बघत होते. आत्याबाईंनी मान वर केली.

"कुठं चालली गं ही, एवढी बॅग घेऊन?"

"आईबापाकडं. सणाला."

"म्हंजी ह्यांची बी पंचमी असती व्हय?"

मी मास्तरीण. समजावून सांगायची खोड. हा येशूच्या जन्माचा सण, हे झाड, हा तारा, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असंल बाई. पण पोरी माहेरी चालल्यात, का न्हाई?" तेव्हापासून आमच्या घरात नाताळाचं नाव 'त्यांची पंचमी' पडलं ते पडलंच.

मला औषधांनी दिलं नसेल इतकं सुख त्या दुपारी त्यांच्या बडबडीनं दिलं. मोबाइलला चिकटलेला शहरी नवरा मुलगा पडद्यावर आला रे आला की त्या निकाल द्यायच्या, "ह्यो न्हाई टिकत. फोन ठेव की मुडद्या, पोरगी बोलायली न्हाई का?" नायक-नायिका रस्त्यात धडकून हातातले कागद सांडायचे, तर म्हणायच्या, "ह्यांच्या गावात सरळ चालायची रीत न्हाई का?" बर्फ बघून तर एकदा खो खो हसल्या. "बर्फ कशाचा डोंबलाचा! कापूस हाय गं त्यो. जिंदगी गेली माझी कापूस येचण्यात, मला शिकवायलेत!" एका सिनेमात नायिकेच्या बापाची नाताळाच्या झाडांची शेती असते. तो आत्याबाईंनी शेंगा बाजूला ठेवून बघितला. झाडं किती वर्षांत तयार होतात, ह्यांना पाणी कुठलं, सण टळल्यावर उरलेल्या झाडांचं काय करतात, एकेक विचारत राहिल्या.

आणि शेवट मात्र त्या कधी बघायच्या नाहीत. मिठीची वेळ जवळ आली की त्यांना बरोब्बर कळायचं. गुडघ्यावर हात देऊन उठायच्या, "दूध बघते," म्हणायच्या आणि आत जायच्या. दूध बघायचं काही नसायचं. लेकीसुनेसमोर बसून तसलं बघायचं नाही, एवढंच. पण जीव तर अडकलेला. मग आतून विचारायच्या, "झालं का?"

"झालं."

"नीट झालं का?"

"नीट झालं, आत्याबाई."

मग चहा घेऊन बाहेर यायच्या. आमची अशी दोस्ती झाली. हाव, दोस्तीच म्हणते मी. पण त्यातल्याच एका दुपारी त्यांनी शेंग सोलता सोलता विचारलं, "हिला आणाया कोण गेलं व्हतं गं?"

"कुणी नाही. आपली आपण आली, गाडी घेऊन."

"आपली आपण... बोलावल्याबिगर? गुणाची हाय गं पोरगी." आणि मग बराच वेळ त्यांचा आवाज बंद झाला. त्यांचा आवाज बंद होणं म्हणजे काय हे आमच्या गल्लीला विचारा. मला कळलं की त्या टीव्हीकडं बघत असल्या तरी त्यांच्या डोळ्यांपुढं वर्षा आहे.

वर्षानं मनानं लग्न केलं होतं, जातीबाहेर. लातूरला दोघं नोकरी करत होते, सुखात होते. पण मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ओसरीवर उभं राहून सांगून टाकलं होतं, "ह्या घरातून तिचं मूळ जायचं न्हाई." लेकीला सणाला माहेरी आणायला बाप किंवा भाऊ जातो, त्याला मूळ धाडणं म्हणतात, आणि जो आणायला जातो तो मुराळी. मुराळी आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही, तशी गेली तर मान राहत नाही. मामंजी वारले तेव्हा वर्षा मातीला आली, बायकांच्या मागं कडेला उभी राहिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तिला कुणी थांब म्हणालं नाही. त्यानंतरही वर्षांमागून वर्षं तशीच गेली. आत्याबाई म्हणायच्या, "दार काय म्या लावून घेतलंय व्हय? तिचंच घर हाय, यावं की." वर्षा मला फोनवर म्हणायची, "दार उघडं असून काय करू वहिनी? शेजारणीचा भाऊ पंचमीला येतो, तेव्हा मी बाल्कनीत सुद्धा जात नाही." संजय म्हणायचे, "आईनं एकदा तोंडानं सांगावं, लगेच जातो." तिघंही माझ्याशीच बोलायचे, एकमेकांशी कुणीच नाही. मी म्हणजे काय टपालपेटी होते का?

माझा पाय बरा झाला, पण पुढच्या डिसेंबरात आत्याबाई गुडघ्याचं औषध आणायचं निमित्त काढून आल्या. त्याच्या पुढच्याही. गुडघा दुपारच्या सिनेमाच्या वेळी कधी दुखायचा नाही. आणि त्या तिसऱ्या खेपेला एक सिनेमा लागला, त्यात पोरगी गावी येते तर आई आधीच गेलेली. माळ्यावरून सजावटीची पेटी काढतात, त्यात आईनं तिच्या नावाचं काहीबाही जपून ठेवलेलं. बाकी सगळं नेहमीचंच, चौकड्याच्या शर्टासकट. शेवट आला, मिठी झाली, बर्फ पडला... आणि आत्याबाई उठल्याच नाहीत. आत दूध खरंच गॅसवर होतं, ते उतू गेलं, वास आला, तरी उठल्या नाहीत. मीच पळत जाऊन गॅस बंद करून आले. त्या पडद्याकडं बघतच म्हणाल्या, "शैला, तू जा मुराळी."

"मी? अहो, मुराळी बापभावानं जायचं असतं. सून कुठं जाते?"

"संजयची लई वाट बघितली. त्याच्यानं व्हायचं न्हाई, बापावर गेलाय. तू जा."

"पण आता कोणता सण आहे? पंचमी झाली, दिवाळी झाली..."

त्यांनी टीव्हीकडं बोट केलं. "ही काय, चालू हाय की."

हसावं का रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटेच उठून धपाटे केले, शेंगदाण्याचे लाडू बांधले, फडक्यात शिदोरी बांधून माझ्या हातात दिली आणि मी नाताळाची मुराळी होऊन लातूरच्या एसटीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूरला गाडी थांबली. तिथनं आत वळलं की तिचं खरं माहेर. नाहीच म्हणाली तर मी हे धपाटे घेऊन परत कोणत्या तोंडानं जाऊ?

वर्षानं दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. "वहिनी? एकट्याच? आई बरी आहे ना?"

"बरी आहे, बाई. मी मुराळी आलेय. आईनं धाडलंय."

"मुराळी? आत्ता? कशाचं मूळ?"

"नाताळाचं."

आधी ती हसली. इतकी हसली की आतून जावईबापू बाहेर आले. आणि मग तिनं शिदोरीचं फडकं ओळखलं, आईच्या जुन्या लुगड्याचं होतं ते, आणि ती उंबऱ्यातच बसली. मला तिला उठवता येईना, कारण माझंही तेच झालं होतं. जावईबापूंनीच तिची बॅग भरली. भला माणूस. चौकड्याचा शर्ट घालत नाही, एवढंच.

नांदेडला आत्याबाई दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयारच होत्या. लेकीवरून तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. इतक्या वर्षांचं काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं. माफी, उलगडा, निदान मामंजींचा विषय... छे! "लई वाळलीस," म्हणाल्या. संपलं. दुपारी तिघी सिनेमा बघायला बसलो. शेवटाला त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. वर्षानं विचारलं, "आई कुठं चालली?" मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि आतून आवाज येण्याची वाट बघितली. तो आलाच.

त्यानंतर दर डिसेंबरला मी लातूरला जायची. पुढं वर्षानं स्वतःची गाडी घेतली, नांदेडपर्यंत एकटी सहज चालवायची, पण मूळ गेल्याशिवाय यायची नाही. म्हणजे मी एसटीनं लातूरला जाणार आणि तिच्या गाडीत तिच्या शेजारी बसून परत येणार. संजय कपाळाला हात लावायचे, "हा काय उलटा कारभार!" आत्याबाई त्यांना झापायच्या, "मूळ म्हंजी मूळ. तुला रे काय कळायलंय?" वर्षाला त्यात केवढा आनंद होता, ते तिच्या शेजारी बसून मी बघितलंय. शेजारणीला ती मुद्दाम जिन्यात थांबवून सांगायची, "माझी वहिनी न्यायला आलीय."

आणि आता धाडणारीच गेली. आई गेली की माहेर संपलं, असं आमच्याकडं बायका म्हणतात, आणि दिवसकार्याला ते कितीतरी जणींनी वर्षाच्या तोंडावर म्हटलं. मला इतका संताप आला! जाताना वर्षा घर असं बघत होती, जणू शेवटचं बघतेय. मी मनाशी ठरवलं, कुणी धाडो न धाडो, मी जाणार. नाताळाच्या आदल्या रविवारी पहाटे उठून धपाटे थापले. जाडच झाले. आत्याबाईंच्या लुगड्याच्या फडक्यात बांधत होते, तेवढ्यात फाटक वाजलं.

वर्षा उभी. मागं तिची गाडी. एकटीच.

"अगं, मी निघालेच होते!"

"माहीत आहे. म्हणून पहाटेच निघाले." ती हसायला गेली, पण जमलं नाही तिला. "आईला आवडायची ना वहिनी... आपली आपण येणारी पोरगी. मला तुम्हीच सांगितलं होतं."

मी तिला दारातच थांबवलं, शिदोरी सोडली आणि भाकरी नव्हती म्हणून धपाट्याचाच तुकडा मोडून तिच्यावरून ओवाळला. संजय मागं येऊन उभे होते. त्यांनी पुढं होऊन बहिणीच्या हातातली बॅग घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दुपारी टीव्ही लावला. आत्याबाईंची वाकळ जिथल्या तिथं होती, तिच्यावर मी बसले नाही, वर्षाही बसली नाही. सिनेमा नेहमीचाच. बॅग घेऊन गावी आलेली पोरगी, कापसाचा बर्फ. शेवट जवळ आला तशी वर्षा गुडघ्यावर हात देऊन उठली, अगदी तशीच. "दूध बघते," म्हणाली आणि आत गेली. पडद्यावर दिव्यांच्या माळा लागल्या, गाणं सुरू झालं, आणि मला काही दिसेनासं झालं... मग आतून आवाज आला.

"वहिनी, झालं का?"

"झालं."

"नीट झालं का?"

मी पदरानं डोळे पुसले. "नीट झालं, बाई," मी म्हणाले. "चहा आण."