विचारून घेणाऱ्या मॅडम

“हे पुढे कुठे जातं?” असं विचारताना मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या. मोबाइलच्या सिमकार्डाचा फॉर्म असो की झेरॉक्सवाल्याकडे राहिलेली जादा प्रत, प्रश्न तोच. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यासोबत बँकेत जायला संकोच वाटतो.

त्या मूळच्या नागपूरच्या. परदेशातल्या एका विद्यापीठात कायदा शिकवायच्या. माणसांची माहिती संगणकावरून एका देशातून दुसऱ्या देशात जाते, तेव्हा तिच्यावर हक्क कोणाचा, याचा अभ्यास करून पुस्तक लिहायला वर्षभर चेन्नईत आल्या होत्या. तिरुवान्मियूरला माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मी चोवीस वर्षांची, घरापासून पहिल्यांदाच लांब. जिन्यात मी आईशी फोनवर मराठीत बोलतेय हे ऐकून त्यांनी दार उघडलं. म्हणाल्या, “बोलणं झालं की कॉफीला ये.” मग दर रविवारी जातच राहिले.

एकदा त्यांनी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये आमच्या वॉचमनला विचारलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर लिहिलेली वही भरली की तिचं काय करता? तो म्हणाला, “रद्दीत घालतो.” मॅडम हसतच वर आल्या. “माझं अख्खं प्रकरण याने दोन शब्दांत संपवलं.”

मी शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत होते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करायचे. एका रविवारी मी मॅडमना एका पेशंटबद्दल सांगितलं. म्हातारी बाई होती. आठ महिने तिचे रिपोर्ट माझ्याकडे येत होते. तिचा गुडघा, तिची किडनी, तिला झोप लागत नाही, सगळं मला माहीत. मग शेवटचा रिपोर्ट आला. तो मी एकही चूक न करता टाइप केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मी म्हणून कोणी आहे, हे तिला ठाऊकही नव्हतं.

मॅडमचं पेन थांबलं. “हे पुस्तकात घेऊ?”

“नको. माझी नोकरी जाईल.”

त्यांनी वहीतली लिहिलेली दोन पानं फाडून माझ्या हातात दिली.

“पण तुम्हाला हेच तर हवं होतं ना?”

“हवंच आहे गं. म्हणून तर विचारलं.”

वर्ष संपून त्या परत गेल्या त्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी आले तर समोरच्या दाराला कुलूप. पुढचे कितीतरी रविवार कसे घालवायचे, तेच कळेना.

सहा-सात वर्षांनी पुण्यातल्या एका ग्रंथालयात त्यांचं पुस्तक दिसलं. आधी उभ्याने चाळलं, मग बसून शेवटपर्यंत वाचलं. वॉचमन होता. म्हातारी नव्हती, मी नव्हते. त्यांनी शब्द पाळला होता आणि मला मात्र फार एकटं वाटलं. ती नोकरी तर मी केव्हाच सोडली होती.

त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मी हाताने चार पानी पत्र लिहिलं, मराठीत. आता घ्या, माझ्या नावासकट घ्या, असं.

दीड महिन्याने ते पाकीट परत आलं. सोबत तिथल्या ऑफिसची दोन ओळींची इंग्रजी चिठ्ठी होती. मॅडम मागच्या हिवाळ्यात वारल्या. पत्र खासगी दिसलं, म्हणून आम्ही उघडलेलं नाही.