धोंड्याचे जावई आणि दीड टनाचा एसी

आमच्या कर्जतच्या घरात उन्हाळ्यात जावई टिकत नाही. आमचे जावई पाचगणीचे. गेल्या मे महिन्यात आले, जेवले आणि चारच्या गाडीनं परत गेले. म्हणून यंदा धोंड्याच्या जेवणाआधी लेकीनं, वैशालीनं, फोनवर बजावलं, "आप्पा, ह्या वेळी मुक्काम झाला न्हाई तर सासरी मला तोंड दाखवायला जागा उरायची न्हाई."

मी सुप्याच्या कारखान्यात एसीच्या देखभालीवर. म्हणजे हे गणित माझ्या हातचा मळ! खोलीची लांबी-रुंदी, उन्हाची भिंत, वरचा स्लॅब, माणसं चार. पाचगणीत पंख्यावर भागतं, कर्जतला दीड टन लागतो. दुकानदार दोन टनाचा घ्या म्हणाला, तर त्यालाच मी शिकवून आलो.

जावई आले. दार लावलं, एसी सुरू केला. खोली गार झाली, जावई हसले, आणि मी मिशीवरून हात फिरवला.

पण आमच्या गल्लीत भरदुपारी दार बंद दिसलं की लोक चौकशीला येतात. (उघडं असलं तरी येतात, पण बंद असलं की पळत येतात.) शेजारचे बबनतात्या धापा टाकत आले.

"काय झालं रं? दार का लावलंय?"

"काय न्हाई तात्या, एसी लावलाय."

"मंग बसतो की."

बसल्या बसल्या तात्यांनी फोनवरून भावकी बोलावली. जावई बघायला म्हणून सगळे आले आणि जावयाकडे पाठ करून एसीसमोर बसले. बसलेलं प्रत्येक माणूस खोलीत शेगडीसारखं तापतं, हे मला ठाऊक. पण भावकीला ऊठ कोण म्हणणार?

तेवढ्यात खरीच शेगडी आली. गॅस, कढई, पुरण घेऊन बायको आत.

"अगं, इथं?"

"मंग? सैपाकघराची भट्टी झालीय. जावयाला गार हवा, आन् म्या काय पाप केलंय?"

तेल तापलं, धोंडे तळू लागले, एसी नुसता घरघरत राहिला. जावयांचा सदरा पाठीला चिकटला. त्यांनी हळूच घड्याळ पाहिलं.

"मामा, चारची गाडी मिळेल ना?"

मी एसीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यांना वारा घालू लागलो. "जरा आडवं व्हा, मग बघू." ते आडवे झाले, डोळा लागला, गाडी गेली, मुक्काम झाला. फक्त माझा हात थांबला की त्यांचा एक डोळा उघडायचा.

सुप्यात मी अख्ख्या शेडच्या गारव्याचा हिशेब सांगतो. माझी स्वतःची क्षमता मात्र त्या दिवशी कळली. एक जावई, तोही मधे चहा मिळाला तर.