आलूला भेटायला आलेली माणसं

आमच्या गावात आजारी माणसाला भेटायला जायची रीत आहे, तशीच आजारी पिकाला भेटायचीही आहे. फरक एवढाच, की माणसाकडे जाताना बिस्किटाचा पुडा न्यावा लागतो. पिकाकडे रिकाम्या हातानं गेलं तरी चालतं, आणि येताना एखादं झाड उपटून आणलं तरी कोणी काही म्हणत नाही.

माझे आलू मरायला लागले तेव्हा हे मला नीट कळलं. विहिरीजवळचं ते वावर मी भांडून मागितलं होतं. नवरा आर्वीला कारकून, सकाळच्या एसटीनं जातो. शेती पाहतात माझे भासरे, म्हणजे थोरले दीर. त्यांनी नवऱ्यामार्फत अट कळवली होती, "एक हंगाम पाहू. साधलं तर वावर तिचं, नाई तर सोयाबीन." नवऱ्यामार्फत अशासाठी, की भासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नाही हा आमच्या घरचा कायदा. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते आले की डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. घरात वायफाय आलं, पदर काही गेला नाही.

झाडं हिरवीगार असताना दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा ताठ. मला वाटलं तहान लागली असेल. पाणी सोडलं, तर आणखीच मरायला लागली; अर्धं वावर गेलं, अर्धं अजून चांगलं होतं. कृषी सहायकानं एक देठ कापून काचेच्या पेल्यात, पाण्यात धरला. त्यातून दुधासारखी तार खाली उतरली. आलू कापला तर आत तपकिरी बांगडी.

"बांगडी रोग आहे, ताई. याले औषध नाई. मेलेली झाडं खणून काढा, तिकडचं पाणी इकडं येऊ देऊ नका, अन् त्या चिखलाचा पाय चांगल्या अर्ध्यात पडू देऊ नका."

पाणी मी अडवलं. पाय कसे अडवायचे?

कारण भासरे रोज नवी माणसं घेऊन येत. "पाहा बावा, आमच्या लहान्याच्या बायकोनं आलू लावले!" माणसं चिखलात उतरायची, झाड उपटायची, वास घ्यायची, मान हलवायची. एक म्हणे मीठ टाका, एक म्हणे ताक शिंपडा, एक म्हणे नजर लागली. एवढे आनंदी चेहरे मी लग्नातही पाहिले नाहीत. मग त्याच चपलांनी, "चला, तिकडचे कसे हाय तेही पाहू."

संध्याकाळी नवऱ्याला सांगायची. "सांगतो न," तो म्हणायचा, आणि जेवायला बसायचा. शेवटी भासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हशीवर ओरडले, "चिखलाचे पाय घेऊन तिकडं जायचं नाई!" म्हैस थांबली. भासरे गेले.

एका रविवारी त्यांनी व्याह्यांना आणलं. मेलेलं सगळं दाखवून झालं, आणि भासऱ्यांनी चांगल्या अर्ध्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, पलीकडे टाकायला पाय उचलला. चपलेला बोटभर चिखल. मागे माझा नवरा आभाळाकडे बघत उभा. माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, तिथंच थांबा! चपला काढा, पाय धुवा. नाई तर आत येऊ नका!"

भासऱ्यांचा पाय खाली आला, पण अलीकडेच. ते नवऱ्याला म्हणाले, "तुही बायको मायाशी बोलून राह्यली!"

"हो," नवरा म्हणाला, "मी पण ऐकलं." एवढा त्याचा पराक्रम.

दुसऱ्या दिवसापासून गावानं आलू पाहणं सोडलं आणि मला पाहायला यायला लागलं, तेही धुऱ्यावरूनच. अर्धं वावर वाचलं. काढणीला प्रत्येक सरीतला एकेक आलू मी कापून पाहिला. सगळे आतून पांढरेशुभ्र निघाले. वावर माझ्याकडे राहिलं. रोग मातीत राहतो, म्हणून आता काही वर्षं तिथं आलू, वांगी, टमाटे नाहीत. कांदा लावलाय.

सासूबाई अजून म्हणतात, "जरा सबुरीनं घ्यायचं होतं, बाई." अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि बोलले काय, तर चपला काढा. बोलायचं होतं ते तर सगळं अजून आतच आहे.