मंगेशची कोबाल्टवाली पावडर

असले गूढ अनुभव मी आजवर जेवता जेवता, करमणूक म्हणून वाचायचे. फिजिक्स शिकलेली बाई मी... जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. तरी लिहितेय, कारण ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांनी विषयच बंद केला.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी पीएचडी करत होते. सोबत मंगेश — कुरखेड्याकडचा, धानाची शेती करणाऱ्या घरातला. आमचं काम झिंक फेराइटच्या नॅनोकणांवर. नुसतं झिंक फेराइट चुंबकाला फारशी दाद देत नाही. त्यात थोडं कोबाल्ट मिसळलं की चित्र बदलतं. किती मिसळायचं, किती तापवायचं, यात मंगेशनं जीव ओतला. शेवटी जी पावडर जमली, ती कागदाखालून चुंबक फिरवला की साळिंदराच्या काट्यांसारखी उभी राहायची! पठ्ठ्या दिवसभर तोच खेळ सगळ्यांना दाखवत सुटला होता.

या संशोधनाचा पेपर लिहायच्या आतच तो गेला... मोटारसायकलचा अपघात.

आमचे गाइड सर म्हणजे घरचेच. मंगेशच्या तेरवीला त्यांनी त्याच्या वडिलांचे, म्हणजे काकाजींचे, हात धरून सांगितलं, "पेपरवर पहिलं नाव तुमच्या मुलाचं असेल." मी शेजारीच उभी होते. पुढे कॉलेजात हे काम मांडायचा कार्यक्रम ठरला, तेव्हा सरच मला म्हणाले, "काकाजींना बोलाव. सगळ्यांसमोर नाव घेऊ." मीच फोन केला.

काकाजी सकाळच्या बसनं आले. कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर नावं आली — सरांचं, मग आमच्याच लॅबमधल्या त्यांच्या भाच्याचं, तिसरं माझं.

मंगेश कुठेच नव्हता.

मी सरांकडे पाहत राहिले. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मग भाचा पुढे आला. पावडर कागदावर पसरली, खालून चुंबक फिरवला... काही नाही. चुलीतल्या राखेसारखी पडून राहिली. दुसरा चुंबक आणला, तरी तेच. सकाळी मी स्वतः तपासली होती, तेव्हा सरसरून उठली होती! सर हसून म्हणाले, "हवेत ओल आहे." बाहेर एप्रिलचं ऊन होतं... चंद्रपूरचं.

लोक चहाला गेले. मी पावडर परत बाटलीत भरत होते, तेवढ्यात काकाजी जवळ आले.

"पोरानं बनवलं ते हेच काय वं, बाई?"

"हेच, काकाजी."

"हातात घेऊ?"

मी बाटली दिली. त्यांनी मुठीत धरली, आणि पावडर हलली. काचेवरून चढत सगळी त्यांच्या तळव्याच्या बाजूला जाऊन चिकटली, केसाळ सुरवंटासारखी. हातात अंगठी नाही, कडं नाही, काही नाही. मी बाटली घेतली — पावडर खाली. परत त्यांना दिली — पुन्हा वर! सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. पुढे होऊन त्यांनी बाटली जवळजवळ हिसकावूनच घेतली.

नंतर मी केबिनमध्ये जाऊन विचारलं. म्हणाले, "गेलेल्याला नावाचा काय उपयोग? जिवंत पोरांचं करिअर बघावं लागतं. तुझं नाव आहे ना?"

मी पेपरवरून माझं नाव काढायला लावलं. मंगेशचं लागलं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी तीच पावडर चुंबकाला नेहमीसारखी उठली. मी वेगळ्या लॅबमधून तिचं चुंबकत्व मोजून आणलं, ग्राफ अगदी हवा तसा. स्थिर वीज म्हणावी, तर माझ्या हातात का नाही? खूप वाचलं, दोन-तीन जाणत्यांना विचारलं. उत्तर मिळालं नाही, आता मिळेल असंही वाटत नाही.

पण झोप उडवतं ते वेगळंच. त्या दुपारी काकाजींना बसस्टँडवर सोडायला गेले होते. बसची वाट पाहताना ते हळूच म्हणाले, "मले कमी आयकू येते, बाई. मंगेशचं नाव कधी घेतलं?"

खोटं बोलवेना. "नाई घेतलं, काकाजी."

त्यांनी सदऱ्याची इस्त्री हातानं सरळ केली.

"मंग मले बलावलं काऊन वं तू?"