दुसरा वाजवणारा

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती, तिला माहीत होतं. बाकी कुणाला सांगावं असं कधी वाटलं नाही. खरं म्हणजे वाटायचं, पण तोंड उघडायच्या आधीच मी विषय बदलायचो. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

मी चौथीपर्यंत शिकलो. बोईसरला कापडाच्या कारखान्यात फिटर होतो, सगळे मिस्त्री म्हणायचे. शिक्षण नाही, पण कान होता. यंत्र चालू असताना स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग गेलं, किती दिवस काढील, चाकाचा दाता कुठे तुटला, सगळं आत बोलतं. एकदा मुंबईहून आलेल्या इंजिनिअरनं मला सर्वांदेखत खोटं पाडलं. मी म्हटलं, उघडा. उघडलं तर मी म्हणालो तेच निघालं. त्या दिवसापासून माझी मान जरा जास्तच ताठ झाली. माणसाला एकच गोष्ट येत असेल तर तो तिला किती जपतो, हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर पुढे कळेल.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या घरामागे एक खोली काढली होती, तिला एक दार अंगणात आणि एक मागे चिकूच्या वाडीत. त्या खोलीत शाळेतल्या चित्रकलेच्या बाई राहायला आल्या. शैलाबाई म्हणतो, खरं नाव नको. वय तीसच्या आसपास, माणसं दूर अकोल्याकडे. मी एकच अट घातली होती. एकटीनं राहायचं, कुणाला आणायचं नाही. त्या हसल्या, म्हणाल्या, "काका, आणायला आहे कोण?"

सामानात एक काळी पेटी होती. आत गिटार.

गिटार मला माहीत होती, सिनेमात बघितलेली. पोरं ती ओरबाडतात आणि केस उडवतात. पण बाईंच्या खोलीतून येत होतं ते वेगळंच. दुपारी चारच्या सुमारास, खिडकी लावून. पहिली पाळी सुटून मी घरी आलेलो असायचो. शुक्रवारी कारखाना बंद, त्या दिवशी तर सगळी दुपार हातात. स्वयंपाकघराची आणि त्या खोलीची भिंत एक.

आणि भिंतीपलीकडे दोघं वाजवत होती.

एक बारीक आवाज आणि एक जाड. बारीक पुढे पळायचा, वळायचा, पायऱ्या उतरल्यासारखा खाली यायचा. जाड आपला सावकाश, मापात चालणारा, त्याला कशाची घाई नाही. दोघांची चाल वेगळी. बरं, बारीक आवाजानं जे म्हटलं तेच थोड्या वेळानं जाड म्हणायचा, आपल्या पद्धतीनं. आमच्या भजनात बुवा ओळ सोडतात आणि मागचे झील ओढतात, अगदी तसं. आता तुम्हीच सांगा, बुवा स्वतःच ओळ म्हणून स्वतःच झील ओढतो का? एका तोंडानं? झील आली म्हणजे दुसरा माणूस आला. आणि दुसऱ्याचा आवाज जाड, म्हणजे बाप्या.

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला.

अंगणातल्या दाराशी चपला बघायचो. एकच जोड. म्हटलं, दुसरा आपल्या चपला आत घेऊन बसत असेल. मागच्या दाराशी चुलीतली राख पसरून ठेवली, पावलं उठतील म्हणून. उठली ती कोंबडीची. मला काय वाटलं असेल? की आपण चुकलो? छे! मला वाटलं, शहाणा आहे, राख टाळून कुंपणावरून उडी मारतो. संशयाचं असं असतं बघा. पुरावा सापडला तर तो खरा, आणि नाही सापडला तर समोरचा पक्का चोर.

एका शुक्रवारी मी कारखान्यातला स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक भिंतीला टेकवलं आणि मूठ कानाला. हो, एका बाईच्या खोलीच्या भिंतीला. डोळे मिटून उभा होतो तर मागून आमच्या मंडळींचा आवाज आला.

"अवो, भिंतीला काय बेअरिंग हाय काय?"

"गप ऱ्हा. आत दोघं हायत."

"आत्ताच मी तिला वाटीभर चटणी देऊन आले. एकटीच बसलीय."

"तू गेलीस तवा तो लपला असेल."

"कुठं? त्या गिटारात?" असं म्हणून ती हसत बाहेर गेली. मला राग आला. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं, असं मनात म्हटलं. माझ्या कानानं दोन सांगितले म्हणजे दोन.

इथवर मी फक्त मूर्ख होतो. मूर्खपणाचा कबुलीजबाब कोण देतो? पुढचं सांगतो.

बाईंचं लग्न जुळत होतं. शिरगावचं घर, वाडीवाले लोक, मुलगा पालघरला नोकरीला. मुलानं आणि बाईंनी एकमेकांना पसंत केलं होतं, एवढं आमच्या मंडळींना बाईंनीच सांगितलं होतं. वडीलधाऱ्यांचं हो यायचं राहिलं होतं. आपल्याकडे रीत तुम्हाला ठाऊक आहे, हो म्हणायच्या आधी चौकशी. आणि मुलगी एकटी राहत असेल तर चौकशी घरमालकाकडे.

शुक्रवारी सकाळी मुलाचे काका आले. बाई शाळेत होत्या. पांढरं धोतर, हातात पिशवी, बोलायला गोड माणूस. ओट्यावर बसले. मंडळींनी चहा आणून दिला आणि दाराआड उभी राहिली.

"मिस्त्री, पोरगी कशी हाय? आमी परके, तुमी रोज बघता."

मी म्हटलं, "पोरगी चांगली हाय. शांत हाय."

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण त्यांनी विचारलं, "एकटीच असते ना?"

मला वाटलं, आता आपली हुशारी दाखवावी. खरं सांगतो, दुष्टपणा तेव्हा मनात नव्हता, मिरवणं होतं. मी जरा थांबून, आवाज खाली आणून म्हटलं, "खोली एकाची हाय. वाजवणारे मात्र दोन हायत."

काकांनी कप खाली ठेवला. "दुसरी बाई का बाप्या?"

"डोळ्यांनी नाय बघितलं. पण एक आवाज जाड हाय. तुमी समजा."

ते समजले. उरलेला चहा तसाच ठेवून उठले. जाताना म्हणाले, "तुमचं नाव कुठं येणार नाय, मिस्त्री." मी मान हलवली. दाराआडून मंडळींनी सगळं ऐकलं होतं. तिनं कप तेवढा उचलून नेला.

मग मंगळवार की बुधवार, नक्की आठवत नाही, बाई स्वतःच आमच्या दारात आल्या. "काका, गिटारची एक खुंटी अडकते. तुम्ही यंत्रवाले, जरा बघता का?"

मी लगेच उठलो. मदत करायला नव्हे, खोली बघायला मिळेल म्हणून! आत गेलो आणि नजर फिरवली. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला चित्रं. मी दुसरी गिटार शोधत होतो. खाटेखाली वाकूनसुद्धा बघितलं, म्हटलं स्क्रू पडला. दुसरी गिटार नव्हती.

खुंटी हातात घेतली. आमच्या गिअरबॉक्समध्ये असतो तसलाच वर्म, म्हणजे आटे पाडलेला दांडा, आणि त्यावर फिरणारं चाक, फक्त मुंगीएवढं. दात्यात मळ बसला होता. काडीनं काढला, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला, मऊ फिरायला लागली. बाई खूष झाल्या. "बसा काका, ऐकूनच जा. रविवारी शिरगावची माणसं येणार आहेत, त्यांना हेच ऐकवायचं आहे."

उलट्या डब्यावर डावा पाय ठेवून त्यांनी गिटार मांडीवर घेतली. आणि वाजवायला लागल्या.

दोघं आली. माझ्यासमोर, एका बाईच्या उजव्या हातातून.

अंगठा वेगळा चालत होता आणि बोटं वेगळी. अंगठा जाड तारांवर, एकेक पाऊल मोजून. बोटं बारीक तारांवर, पळणारी. बोटांनी एक वाक्य म्हटलं की अंगठा ते उचलायचा, आणि तो म्हणत असताना बोटं गप्प बसत नव्हती, त्यावरून दुसरंच काही म्हणत जायची. कुणी कुणाच्या पायात पाय घालत नव्हतं. मी आयुष्यभर यंत्रं बघितली, पण एका शाफ्टवर दोन वेगळ्या चाली अशा बिनखडखडीच्या कधी बघितल्या नव्हत्या. मध्येच दोघं भांडल्यासारखी जवळ येत, वाटे आता आपटणार, आणि तिथंच सुटून मोकळी होत. शेवटी दोघं एका जागी येऊन थांबली.

"दुसरं कोण वाजवतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाई खळखळून हसल्या. "हीच तर गंमत आहे काका. अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत आहे हे, बरोक म्हणतात. एका वाद्यात दोन-तीन माणसं बसवायची त्यांची रीत. यातलं पुष्कळसं मुळात गिटारचं नाहीच, दुसऱ्या वाद्यांचं. गिटारवर बसवायचं म्हणजे अंगठ्याचा स्वतंत्र माणूस करायचा. मला सहा वर्षं लागली." मग पुन्हा हसून म्हणाल्या, "ऐकणाऱ्याला दोघं वाटली, म्हणजे मला जमलं म्हणायचं!"

आता बघा. त्यांनी सहा वर्षं ज्यासाठी घातली, ते त्यांना जमलं होतं. आणि जमलं होतं म्हणूनच मी शुक्रवारी ओट्यावर बसून त्यांचं नाव घालवलं होतं.

पण तेव्हाही वेळ होती. रविवार यायला चार-पाच दिवस होते. मधे माझा सुट्टीचा शुक्रवारही होता. शिरगाव काय लांब आहे? मी निघालो पण. पालघरला उतरलो, एसटी स्टँडवर शिरगावची गाडी लागलेली होती. काय बोलायचं ते मनात जुळवलं. "काका, माझा कान चुकला." चार शब्द. ते चार शब्द मला म्हणता येईनात. तिथल्या तिथे, मनातल्या मनातसुद्धा! वाटलं, उद्या हा माणूस कुणाला सांगेल, तो कारखान्यात सांगेल, बोईसरचा मिस्त्री एक गिटार ऐकून दोन म्हणतो. मग माझ्या बेअरिंगवर कोण विश्वास ठेवणार? कंडक्टरनं घंटी दिली. गाडी गेली. मी परत बोईसरला आलो.

कान जपला मी. एका बाईचा संसार देऊन कान जपला.

रविवारी बाईंनी अंगण झाडलं, आमच्या दोन खुर्च्या नेल्या, साखरभात केला. चार वाजले, पाच वाजले. मी ओट्यावर बसून होतो, कुणी येणार नाही हे माहीत असलेला त्या अंगणात मी एकटा. नंतर पत्र आलं, योग दिसत नाही, एवढंच. मुलगा एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन गेला म्हणतात, पण घरच्यांपुढे त्याचं चाललं नाही.

त्या आठवड्यात बाईंनी मला विचारलं. मी नळाशी हात धूत होतो. "काका, शिरगावचं कुणी तुमच्याकडे चौकशीला आलं होतं का?"

मी म्हटलं, "नाय. कोणी आलं नाय."

मंडळी दारात तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि सूप घेऊन आत गेली. पुढे पंचवीस वर्षं आम्ही एकत्र काढली, या विषयावर ती एक अक्षर बोलली नाही. भांडणातसुद्धा नाही. ती का बोलली नाही, हे विचारायची छाती मला झाली नाही.

"मग दुसरंच काही असेल," बाई म्हणाल्या. मी खोटं बोलेन असं त्यांच्या मनातही आलं नाही.

आणखी एक सांगून टाकतो, कारण तेही लपवलेलं आहे. पंधरा दिवस भिंत गप्प होती. मग त्या पुन्हा वाजवायला लागल्या, आता खिडकी उघडी ठेवून. आणि मी ऐकायचो, चवीनं ऐकायचो. अंगठा कुठे बोटांना वाट देतो, कुठे अडवतो, ते मला ओळखता यायला लागलं. पाळी सुटली की मी पावलं उचलून घरी यायचो. जिचं वाटोळं केलं तिचंच संगीत मी दोन वर्षं फुकट ऐकलं, आणि मला ते फार आवडलं. हे कसं जमतं माणसाला? मला जमलं.

मग त्यांची अकोल्याकडे बदली झाली. लग्न केलं नव्हतं. पुढे केलं की नाही, मला ठाऊक नाही, मी शोध घेतला नाही. टेंपोत सामान चढलं, काळी पेटी त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली. मंडळींच्या पाया पडल्या. मंडळी रडली. मग माझ्याकडे आल्या.

"काका, तुमच्यासारखं माणूस शेजारी होतं, म्हणून मला एकटीनं राहता आलं."

आणि वाकल्या. मी पाय मागे घेतले नाहीत. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "सुखी राहा." हात थरथरला वगैरे नाही. नीट ठेवला होता.