तक्रारदारच न्यायाधीश

तेजस्वी सामंत शिकलेली इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. नवऱ्यामागोमाग बहरीनला आली, मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून मनामाच्या नईम भागातल्या फ्लॅटमध्ये तिने शिकवण्या सुरू केल्या. अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेतल्या मुलांना ती अमेरिकेची राज्यघटना शिकवते. कायदा करणारा वेगळा, राबवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा, हे तिच्या इतकं अंगात भिनलंय की चार माणसांत बसली की भांडण ठरलेलंच.

मराठी मंडळात मुलांचं नाटक तीच बसवायची. मोठ्यांच्या नाटकात मात्र दरवर्षी नायक म्हणून अध्यक्ष सदानंदरावांचा मुलगा. यंदा तिने ग्रुपवर लिहिलं, ‘निवड चाचणी घ्या, नाहीतर घरगुती कार्यक्रम म्हणून जाहीर करा.’ तासाभरात तिला ग्रुपमधून काढलं. पाठोपाठ नोटीस आली: सभासदत्व रद्द का करू नये? सभासदत्व गेलं की मुलांचं नाटकही जाणार होतं.

शुक्रवारी सभा भरली. आरोप सदानंदरावांनीच वाचला, प्रश्नही तेच विचारू लागले.

“तक्रार तुमची, चौकशी तुमची, निकालही तुमचाच,” तेजस्वी म्हणाली. “उलटतपासणीला आरसा आणू का?”

“वहिनी, हे मनामा आहे, वॉशिंग्टन नाही. आणि ज्यांची घटना मिरवता, त्यांच्यातल्या कितीकांच्या घरी गुलाम होते, तेही शिकवता ना पोरांना?”

सभेत हशा पिकला.

“पहिल्याच आठवड्यात शिकवते. हाती सत्ता आली की शहाणासुरता माणूस काय करतो, ते त्यांनी आपल्याच घरात पाहिलं होतं. म्हणून तर ती एकाच्या हाती ठेवली नाही.”

“खलास! भाषण पुरे. आता मतदान.”

“चिठ्ठ्या टाकून घ्या.”

“आपल्या माणसांत कसली चोरी? हात वर करा.”

बोलताना सदानंदरावांची नजर मयुरेशवर खिळली होती. मयुरेश म्हणजे तेजस्वीचा नवरा. अस्कर गावाजवळच्या एका कंत्राटदाराकडे तो सदानंदरावांच्याच हाताखाली होता आणि व्हिसाचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं.

हात वर गेले. मयुरेशचाही गेला, जेमतेम कानापर्यंत.

“एकमताने मंजूर!” सदानंदराव म्हणाले. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे टाळ्या पडल्या.

गाडीपाशी मयुरेशने पुढचं दार उघडून धरलं. ती मागे जाऊन बसली.

“तेजू, समजून घे गं. व्हिसा गेला तर राहायचं कुठे?”

“विरोधात हात वर कर म्हणाले होते मी?” तिने विचारलं. “खाली ठेवायचा होतास. कुणी धरून वर केला नव्हता तुझा.”

मयुरेशने गाडी सुरू केली. घर येईपर्यंत आरशात बघायची त्याची हिंमत झाली नाही.