डब्यातली साखर

शेजारचे भांडे ती कधी रिकामे परत करीत नसे. घासून, कोरडे पुसून, तळाशी चिमूटभर साखर घालून ती ते कुंपणावरून माझ्या हाती ठेवी आणि म्हणे, "रिकामं भांडं देऊ नये गं, देणाऱ्याचा अपमान होतो."

इंग्लंडात, वॉटफर्डमधल्या आमच्या दोन घरांमध्ये ते लाकडी कुंपण होते. मी मुळात अबोल. दोघींच्या वाटचे तीच बोले. अशी शेजारीण आपणांपैकी अनेकांना लाभली असेल.

तिचे यजमान इस्पितळात डॉक्टर. कोविडची साथ आली, तेव्हा घरी संसर्ग नको म्हणून ते इस्पितळाजवळच्या खोलीत राहायला गेले. त्यांचा एक सहकारी आमच्याच रस्त्यावर राहत असे. तो रोज तिच्या दारातून भरलेला डबा उचली आणि आदल्या दिवशीचा तिथे ठेवी. परतलेल्या डब्यातल्या उरल्यासुरल्या घासांवरून ती नवऱ्याची प्रकृती ताडू पाही.

"पोळी अर्धी टाकलीय. घसा दुखत असेल का गं?"

मग एके दिवशी ती कुंपणाशी धावतच आली. "बघ तरी! डबा चाटूनपुसून रिकामा, घासलेला, वर साखर! आजवर ज्यांनी स्वतःचं ताट उचललं नाही, ते!"

"एकटं राहून सुधारले," मी म्हणाले.

"मग राहू देत अजून महिनाभर," ती हसली आणि लगेच तिने जीभ चावली.

त्या दिवसांत ते फोनवर बोलत नसत. 'ड्यूटीवर आहे,' एवढाच मेसेज येई. पण डबा रिकामा येत होता, म्हणजे माणूस जेवत होता. ती साखर ती आपल्या चहात घाली.

ते घरी आले, तेव्हा निम्मे झाले होते. "कामाचा ताण," असे सर्वांना सांगण्यात आले. पुढे भेटीगाठींना मुभा मिळाल्यावर तिने आम्हाला आणि त्या सहकाऱ्याच्या कुटुंबाला बागेत चहाला बोलावले.

"वहिनी, तुमची भरली वांगी अजून आठवतात," सहकारी म्हणाला.

"मी डबा घासून साखर घालायचे हं," त्याची बायको कौतुकाने म्हणाली. "रिकामा कसा द्यायचा?"

शेजारणीच्या हातातली किटली तशीच थांबली. "डबा तर ह्यांचा होता."

यजमानच म्हणाले, "मी ऑक्सिजनवर होतो. तू घरात एकटी. उगाच काळजी करत बसली असतीस."

"कोणाकोणाला माहीत होतं?"

सहकाऱ्याला आणि त्याच्या बायकोला होते. पुण्यात दिरांना होते, सासूबाईंनासुद्धा होते.

"काळजी माझी होती," ती म्हणाली. "ती तुम्ही आपसांत वाटून घेतलीत आणि मला साखर दिलीत."

मलाही ते त्या चहाच्या वेळीच कळले होते. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी जाऊन मी तसे तिला सांगितले. तिने मान हलवली. तिला ते पटले की नाही, हे विचारण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते.

त्यानंतर ती कुंपणाशी क्वचितच येई. पुढे यजमानांना रीडिंग शहरात नोकरी लागली. सामान बांधायच्या गडबडीत मी त्यांना डबाभर शिरा नेऊन दिला. निघताना तिने गाडीतून हात केला, मीही केला.

डबा माझ्या पायरीवर ठेवलेला होता. लख्ख घासलेला, कोरडा पुसलेला. झाकण काढून मी तळावरून बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही.